वकीलसाहेबांनी पंगत कशी मोडली

आमचे वकीलसाहेब माकडांना अहो-जाहो करायचे आणि न्यायाधीशांना, त्यांची पाठ वळली की, अरे-तुरे. दोन्हीला त्यांच्याकडे एकच कारण होतं. "न्यायाधीशाला यायलाच लागतं, त्याला पगार आहे," ते म्हणायचे. "ही मंडळी आपखुशीनं येतात."

मी खानापूरकडच्या एका खेड्यातला. आमच्याकडे माकड म्हणजे हरभऱ्याचा दुश्मन. पोरगं नीट चालायला लागलं की त्याच्या हातात गोफण द्यायची, अशी रीत. वकिलीची सनद घेऊन मी बेळगावला आलो आणि कुणाच्या तरी ओळखीनं साहेबांच्या हाताखाली काम शिकायला गेलो, तेव्हा ते काय काय विचारतील याची बरीच घोकंपट्टी करून गेलो होतो. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि विचारलं, "मुंगसाला भितोस काय?"

"न्हाय जी."

"आणि कावळा डोक्यावर बसला तर?"

"बसंल आणि उडून जाईल."

"माडीवरची खोली रिकामी आहे. राहा. कायद्याचं सावकाश बघू."

कायदा मी त्यांच्याकडेच शिकलो, आणि तो बहुतेक वहिवाटीचा. साहेबांचं नावच त्या दाव्यांसाठी होतं. कुणाच्या बांधावरून कुणाची बैलगाडी जायची, कुणाच्या विहिरीवर कुणी पाणी भरायचं, असली भांडणं त्यांच्याकडे यायची. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं उघडपणे चालत आली की तिचा हक्क तयार होतो, मनात आलं म्हणून ती कुणाला मोडता येत नाही, हे ते कोर्टात इतक्या कळवळ्यानं सांगायचे की समोरच्या बाजूचा माणूसही मान हलवायचा. हा कळवळा येतो कुठून, ते मला राहायला गेल्याच्या दुसऱ्या सकाळी कळलं.

त्यांचं घर बेळगावच्या अगदी कडेला. परसाच्या एका भिंतीपलीकडे शहापूर. तेव्हा बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानचं, म्हणजे ती पडकी भिंत दोन राज्यांची सरहद्द होती आणि तिच्यावरून दिवसभर खारी पळायच्या. परसात एक चिंच, एक फणस आणि चिंचेखाली धुणं धुवायचा मोठा दगड. सकाळी अंघोळ झाली की साहेब धोतरावर काळा कोट चढवायचे, डोक्याला रुमाल गुंडाळायचे, त्या दगडाशी उभे राहायचे आणि कोर्टातल्या पट्टेवाल्याच्या लांब सुरात पुकारा करायचे, "हाजीर हो..."

आणि सगळे हाजीर व्हायचे. आधी कावळे. त्यांना साहेब 'पक्षकार' म्हणायचे, कारण ते वेळेआधी येतात आणि दुसऱ्याचं ऐकून घेत नाहीत. मग भिंतीच्या भोकातून एक मुंगूस. तो 'बेलीफ', न विचारता घरात शिरायचा म्हणून. शेताच्या बाजूनं एक मोर पावलं मोजत यायचा, तो 'मामलेदार'. दाणा टिपण्याआधी तो चहूकडे बघायचा, कुणी नमस्कार करतंय का ते. आणि शेवटी चिंचेवरून धपाधप माकडांचा कळप. कावळ्यांना भाकरीचे तुकडे, मोराला जोंधळा, माकडांना शेंगा आणि केळी. मुंगसाला अंडं लागायचं. त्या सोवळ्याच्या घरात अंडं कुठून येतं, हे साहेबांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कधी विचारलं नाही. त्या फक्त माझ्याकडे बघायच्या.

कळपात एक माकडीण होती. साहेब तिला 'हुच्ची' म्हणायचे. कानडीत हुच्ची म्हणजे वेडी. बाकीची माकडं शेंग हिसकावून पळायची. ही साहेबांच्या समोर बसायची, उजवा हात पुढं करायची आणि शेंग तळव्यावर पडली की हळूच मूठ मिटायची. तो हात मनगटाशी वाकडा होता. का, ते मी बरेच दिवस विचारलं नाही.

काकू बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर समोरच्याला उत्तर सापडू नये असं बोलणाऱ्या. तव्यावरून पहिली भाकरी उतरली की ती परसात जायची, दुसरीही बहुतेक परसातच, मग साहेबांचं पान, मग माझं. काकूंच्या वाट्याला यायची ती उरल्या पिठाची, वाकडीतिकडी. एकदा साहेबांचे एक कोर्टातले स्नेही जेवायला आले होते. परसातली गर्दी बघून ते म्हणाले, "वहिनी, साहेबांना मुक्या जिवांचा फार लळा हो."

काकू आमटी वाढत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "मला शेपूट नाही, एवढंच माझं चुकलं."

साहेब मोठ्यानं हसले. काकू हसल्या नाहीत.

भिंतीपलीकडे, संस्थानात, रुद्राप्पा सावकार राहायचे. त्यांचे साड्यांचे माग होते. रंगवलेलं सूत ते अंगणात बांबूवर वाळत घालायचे आणि माकडांना जेवणानंतर काहीतरी करमणूक लागायची. महिन्यातून एकदा तरी सावकार हातात सुताचा गुंता घेऊन भिंतीशी यायचे.

"वकीलसाब, दगड मारू देत न्हाई, तर मी आता दावाच लावतो बघा."

"लावा की," साहेब म्हणायचे. "पण कुठल्या कोर्टात? ही मंडळी झोपतात संस्थानात, जेवतात इंग्रजांच्यात आणि सूत चोरायला परत संस्थानात. आधी हद्द ठरवून या. मग दावा मीच लिहून देतो."

सावकार पुटपुटत परत जायचे. ही वहिवाटही जुनीच होती.

मग निपाणीला जुळे झाले. साहेबांची एकुलती एक मुलगी तिथं दिलेली, जावयाची तंबाखूची वखार. बारशाहून परत आल्यावर काकू जेवताना म्हणाल्या, "मी निपाणीला राहायला जाणार. पोरीला दोन पोरं एकदम आवरत नाहीत. तुम्हीही चला. भांडणारी माणसं तिथंही आहेत."

साहेबांचा घास हातातच राहिला. पण ते नाही म्हणाले नाहीत. दोन नातवांचं त्यांनाही वेड लागलं होतं. "जाऊ या," ते म्हणाले. "पण तडकाफडकी कसं जाता येईल? मुदत द्यायला पाहिजे."

"कुणाला?"

साहेबांनी परसाकडे पाहिलं.

काकूंनी पानातलं संपवलं, उठून हात धुतले आणि दसरा होताच दोन ट्रंका घेऊन मोटारीत बसल्या. मी पोचवायला गेलो होतो. मोटार सुटताना साहेबांना म्हणाल्या, "तुमच्या मंडळींनी रजा दिली की या."

मला हा सगळा प्रकार पोरकट वाटला. घरी परत येताना मी तसं बोललोही. "साहेब, चार दिवस खायला घातलं न्हाय तर आपोआप जातील की रानात. माकडं हैत, मेंढरं न्हवंत."

साहेब छत्री टेकत चालत होते. मग म्हणाले, "हुच्चीचा हात बघितलास?"

"व्हय."

"एका दाव्यासाठी मी पुण्याला गेलो होतो. तुझी काकू माहेरी गेली होती. घर बंद. मंडळी दोन दिवस दगडाशी वाट बघत बसली असणार. मग बाकीची रानात गेली. हुच्ची गेली माणसांकडे. दारोदार जाऊन बसायची आणि हात पुढं करायची. एका दारात तिच्या हातावरच काठी बसली. मारणाऱ्याला मी काही म्हणत नाही. तुम्ही खानापुरात काय वेगळं करता? पण माणसासमोर हात पसरायचा, हे तिला कुणी शिकवलं? रानात तर तसं कुणी करत नाही."

आम्ही घराच्या वळणाला लागलो.

"जे मी लावलं ते मीच काढायला पाहिजे," ते म्हणाले. "बाळाचं दूध तोडतात तसं. हळूहळू."

त्यांची रीत अशी होती. आधी पुकारा बंद. मग वेळ मोडायची, आज सकाळी तर उद्या दुपारी, परवा नाहीच. मग हातानं द्यायचं बंद, दाणे गवतात उधळायचे, म्हणजे शोधून खावे लागतात. आणि पंगतीची जागा दगडापासून रोज थोडी थोडी सरकवत न्यायची, परसातून शेताच्या बांधावर, बांधावरून ओढ्याकाठच्या जुन्या आमराईत. तिथं उंबर होते, आंबे होते, पाणी होतं. आंब्याला कैऱ्या लागेपर्यंत सगळं आटपायचं आणि मग निपाणी.

बेलीफानं फार मनाला लावून घेतलं नाही. अंडं बंद झालं तसा तो रुद्राप्पांच्या अंगणातले उंदीर जप्त करायला लागला. मामलेदार मात्र रुसला. पहिल्या दिवशी दगडावर काही नाही असं पाहून त्यानं पिसारा फुलवला, साहेबांकडे पाठ केली आणि तसाच बराच वेळ उभा राहिला. नंतर तो आला नाही. पक्षकारांनी साहेबांचा पत्ता काढला. दुपारच्या सुट्टीत कोर्टाच्या खिडकीत दोन कावळे येऊन बसायचे आणि साहेब युक्तिवादाला उभे राहिले की ओरडायचे. समोरचे वकील न्यायाधीशांना म्हणाले, "साहेबांनी आपले साक्षीदार आवरावेत." साहेब म्हणाले, "साक्षीदार नव्हेत, जुने पक्षकार आहेत. फी परत मागतायत."

माकडांचं तसं नव्हतं. दगड रिकामा दिसला की त्यांनी भिंत ओलांडली आणि रुद्राप्पांचं अंगण धुंडाळलं. खायला मिळालं नाही, तेव्हा लाल सुताच्या लडी घेऊन सगळी चिंचेवर चढली. सकाळी मी उठून पाहतो तर सगळं झाड नव्या नवरीसारखं लालेलाल. सावकार भिंतीशी उभे होते, या वेळी चेहरा अगदी पडलेला.

"वकीलसाब," ते म्हणाले, "इतकी वर्सं मी तुम्हाला सांगितलं, घालू नका, घालू नका. आता सांगतो, घाला हो."

साहेबांना इतका आनंद मी मोठा दावा जिंकल्यावरही झालेला पाहिला नव्हता. "म्हणजे वहिवाट मान्य?"

"मान्य. शेंगा पायजे तर मी पाठवून देतो."

साहेबांनी काही पाठवू दिलं नाही. पण दोनचार दिवसांनी बघतो तर माकडं बांधाकडच्या पंगतीला फिरकायची बंद झाली आणि भिंतीच्या त्या अंगाला शेंगांच्या टरफलांचा ढीग. सावकार गुपचूप भिंतीवर शेंगा ठेवत होते. सूत वाचवायला त्यांनी लाच चालू केली होती.

साहेब मला घेऊन पहिल्यांदाच भिंतीपलीकडे, संस्थानात, त्यांच्या ओसरीवर गेले. मला वाटलं आता खटका उडणार. साहेब शांतपणे बसले, दिलेला चहा घेतला आणि मला सांगितली होती तीच हुच्चीच्या हाताची गोष्ट त्यांना सांगितली. आत मागांचा खटखट आवाज चालला होता. सावकार खाली बघत ऐकत होते. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "ती काठी माझीच हुती."

"माहीत आहे," साहेब म्हणाले.

"कधीपासनं?"

"तेव्हापासनंच."

"मग बोलला न्हाई तुम्ही कधी."

"बोलून काय? तिनं तुमच्यापुढं हात केला तो माझ्यामुळं. आज एका कामासाठी आलोय, सावकार. त्यांना माणसाची भीती वाटायला पाहिजे. मला दगड मारवत नाही. तुम्ही इतकी वर्षं मारायचं म्हणताय. मारा. फक्त लागू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सावकार दगडांची पाटी भरून आमच्या परसात आले. जन्मभर ज्याची इच्छा धरली ते करायची परवानगी खुद्द वकिलाकडून मिळाली होती. माकडं येऊन बसली. हुच्चीही आली. सावकारांनी एक दगड उचलला, हात मागं नेला आणि तो दगड त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर पडला. दुसरा उचलला. तोही तिथंच पडला. माकडं कुतूहलानं जवळ सरकली. हुच्चीनं दगड उचलून हुंगला आणि टाकून दिला.

"काय झालं, सावकार?" साहेबांनी विचारलं.

"हात चालंना."

शेवटी ते काम मला करावं लागलं. गोफण आमच्या घरातली विद्या. मी चिंचेच्या बुंध्यावर, माकडांच्या बाजूबाजूनं दगड सोडायला लागलो आणि हे दोन म्हातारे ओसरीच्या खांबाआड उभे राहून मला सांगायला लागले, "जपून रं, जपून." आठवड्याभरात माकडं आमराईत गेली. सावकार मग रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले. भांडणाचं कारणच उरलं नव्हतं, तेव्हा त्यांना करमत नसावं.

आता काकूंचं सांगतो. साहेबांना चहासुद्धा करता यायचा नाही. काकू गेल्यापासून मी खानावळीत जेवायचो. एकदा त्यांना घेऊन गेलो. तिथली आमटी चाखून ते म्हणाले, "ही नुसती उलटतपासणी आहे, हातात काहीच लागत नाही," आणि पुन्हा आले नाहीत. ही बातमी निपाणीला कुणी पोचवली कोण जाणे, पण सकाळी निपाणीहून सुटणाऱ्या मोटारीतून काकूंचा डबा यायला लागला. मोटारीचा ड्रायव्हर बापू तो घरी आणून द्यायचा. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आणि सणावाराला मांडे. साहेब डब्यापुढं बसून तृप्त चेहऱ्यानं म्हणायचे, "बघ, लांब असूनही सगळं कसं सुरळीत चाललंय."

त्या थंडीत एका पक्षकाराच्या कामासाठी मी निपाणीला गेलो होतो. मोटारीतून उतरल्या उतरल्या तंबाखूच्या वासानं शिंका सुरू झाल्या. काकू जावयाच्या घराच्या सोप्यात मेथी निवडत बसल्या होत्या, पाठीशी दोन पाळणे.

"कसं काय चाललंय रे यांचं? निघायचं काही बोलतात का?"

"चाललंय की, काकू. पंगत बांधापत्तोर गेलीय."

"म्हणजे काय करतात नेमकं?"

मी सगळी रीत सांगितली. वेळ कशी मोडतात, कसं कमी कमी घालतात, जागा कशी रोज जरा जरा सरकवतात. काकूंचा मेथी निवडणारा हात हळूहळू थांबला.

"जागा सरकवली की ती मागोमाग येतात?"

"येत्यात की. भुकेपुढं काय चालतंय?"

काकू पुन्हा मेथी निवडायला लागल्या. "शहाणे आहेत हो हे," त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. एक पोर रडायला लागलं तशा त्या उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "इतकी वर्षं मी माकडांच्या मागं जेवले. त्याचं काही नाही. पण इथं येऊन चार महिने झाले आणि मी नाही म्हणून घर अडलंय असं यांना अजून वाटलेलं नाही."

त्यानंतर आठवड्याभरातच बापूनं डबा घरी आणायचं सोडलं. "काकूंनी सांगितलंय, साहेबांनी अड्ड्यावर येऊन न्यावा." साहेब छत्री घेऊन मोटार अड्ड्यावर जायला लागले. मग मधूनच एखादा दिवस डबा चुकायला लागला. मग भाकऱ्या कमी झाल्या. आणि एका शनिवारी बापू मान खाली घालून म्हणाला, "साहेब, उद्यापासनं डबा संकेश्वरापत्तोरच यील. अड्ड्याजवळच्या शिंप्याच्या दुकानात ठेवतोय म्हणं."

रविवारी कोर्टाला सुट्टी. साहेब आणि मी मोटारीनं संकेश्वरला गेलो, शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि डबा उघडला. आत एकच भाकरी आणि बोटभर चटणी. साहेबांनी भाकरी मोडली आणि घास तोंडाशी नेता नेता थांबले.

"आधी दारात," ते म्हणाले.

मी शिंप्याच्या मशीनकडे बघायला लागलो.

"मग अड्ड्यावर. मग चुकवाचुकव. मग कमी कमी. आणि आता संकेश्वर." त्यांनी भाकरी डब्यात ठेवली. "ही माझी पंगत हलवतीया."

शिंपी मान वर करून आमच्याकडे बघत होता.

"तिला रीत कुणी सांगितली रे?"

"मशीन नवं दिसतंय," मी शिंप्याला म्हणालो.

साहेब हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता तपकिरीची डबी उघडली आणि शिंकायला लागले, शिंकता शिंकता पुन्हा हसायला. शेवटी डोळे पुसून त्यांनी ती एक भाकरी तिघांत वाटली, शिंप्यालाही दिली. मग परतीच्या फेरीवर थांबलेल्या बापूला विचारलं, निपाणी इथून किती लांब. बापू म्हणाला, बसा, पोचवतो, काकू वाटच बघत असतील. साहेब उठून मोटारीच्या दारापर्यंत गेले. दांडीला हात लावला. मग मागं फिरले.

"पोटाला विचारलं तर आत्ता बसतो," ते मला म्हणाले. "पण हुच्ची अजून हात पुढं करते."

आम्ही बेळगावची मोटार धरली. त्यानंतर डबा थेट निपाणीतच थांबला आणि साहेब चुरमुरे, केळी आणि शेंगांवर राहू लागले. रुद्राप्पांनी घरून जेवण पाठवायचं म्हटलं तर नको म्हणाले. "मला कुणी सवय लावू नका. एवढ्यात कुठं सुटायला आलीय."

ती खरंच अजून हात पुढं करायची. बाकी कळप आमराईत रमला होता, उंबरं खात होता, साहेब गेले तरी कुणी खाली उतरत नव्हतं. हुच्ची उतरायची. साहेब रिकाम्या हातानं जायचे, तिच्याकडे न बघता नुसते बांधावर बसायचे. ती समोर येऊन वाकडा हात पुढं करून बसायची, किती तरी वेळ. साहेब आभाळाकडे बघायचे. तिच्याकडे न बघणं हे त्यांना किती जड जात होतं ते मला त्यांच्या मानेच्या शिरा बघून कळायचं. मग त्यांनी जाणंच बंद केलं. मला आणि सावकारांनाही मना केलं.

आंब्याला कैऱ्या लागल्या तेव्हा एका सकाळी साहेबांनी कोट चढवला, रुमाल बांधला आणि खिशात शेंगा भरल्या. "शेवटची तारीख," ते म्हणाले. मी बरोबर गेलो.

कळप आमराईच्या पलीकडच्या टोकाला होता. साहेब एका झाडाखाली उभे राहिले आणि शेंगांनी भरलेला तळहात पुढं केला. पुकारा केला नाही. हुच्चीनं ओळखलं. ती खालच्या फांदीवर येऊन बसली. या खेपेला तिच्या पोटाशी एक पिल्लू होतं, नुकतं इकडंतिकडं करायला लागलेलं. त्यानं शेंगा पाहिल्या आणि ते सुटून बुंध्यावरून खाली यायला लागलं, थेट साहेबांच्या हाताकडे. आता पोचणार, एवढ्यात हुच्ची खाली झेपावली. तिनं त्याच वाकड्या हातानं पिल्लाची शेपटी धरली, त्याला फरपटत वर ओढलं, पोटाशी घेतलं आणि आमच्याकडे दात विचकून फांद्याफांद्यांतून पार शेंड्याला निघून गेली.

साहेबांचा हात तसाच पुढं होता. तळव्यावरच्या दोन शेंगा खाली घरंगळल्या.

"गेली," मी म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून.

"उत्तम," साहेब म्हणाले. मग त्यांनी हात मागं घेतला, निम्म्या शेंगा मला दिल्या आणि आम्ही त्या खात खात परत आलो.

त्याच दिवशी आम्ही मोटारीत सामान चढवलं. रुद्राप्पा अड्ड्यावर आले होते. निघताना त्यांनी साहेबांच्या हातात एक बासन दिलं, काकूंसाठी लाल शहापुरी साडी होती. "झाडावरच्या सुताचीच हाय," ते म्हणाले. "धुऊन घेतलंय."

निपाणीला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी साहेबांचा कोट बघितला, तो अंगावर सैल लोंबत होता. पाय धुवायला पाणी दिलं आणि आत गेल्या.

स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले होते. मला वाटलं एक साहेबांचा, एक माझा. साहेबांनाही तसंच वाटलं असणार, ते पाटावर जाऊन बसले. काकूंनी माझं पान दाराशी मांडून वाढलं, मला बसायला सांगितलं आणि मग साहेबांच्या समोरच्या पाटावर त्या स्वतः बसल्या. तव्यावरची गरम भाकरी त्यांनी आपल्या पानात घेतली. गोल, टम्म फुगलेली. तिच्यावर लोणी घातलं. साहेबांच्या पुढं नुसता पाट होता, पान नव्हतं.

त्या काळी आमच्याकडे बाई नवऱ्याच्या आधी जेवायला बसली असं कुणी पाहिलेलं नव्हतं. मुलगी दारात येऊन थबकली आणि पदर तोंडाला लावून परत फिरली. मी घास गिळायचं विसरलो. साहेबांनी मला नजरेनंच जेवत राहायला सांगितलं, मांडीवर हात ठेवले आणि बसून राहिले. त्यांच्या पोटातला आवाज मला दाराशी ऐकू येत होता.

काकूंनी सावकाश एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. वांग्याच्या फोडीला भाकरी लावून तिसरा खाल्ला.

"भाजी चांगली झालीय," त्या म्हणाल्या.

"असं?" साहेब म्हणाले.

"व्हय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी थोडी वाढून घेतली.